एका भांड्यातले रात्रीचे जेवण

धान्य, डाळ, भाजी आणि फोडणी या चारही गोष्टी एकाच कुकरमध्ये, पातेल्यात किंवा कढईत शिजून ताटात आल्या, की सोबत पापड, लोणचे, ताक किंवा चिरलेला कांदा एवढे पुरते. पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असे पुरे ताट आठवड्याचे पाचही दिवस मांडणे, घरातली मोठी माणसे सात-साडेसातला कामावरून परतत असतील तर अवघड जाते. मांडले गेलेच तर ते बहुधा घरातल्या एकाच बाईच्या जिवावर. मराठी स्वयंपाकात यावरची उत्तरे जुनीच आहेत : खिचडी, मसालेभात, वरणफळे, शेंगोळे, गोळाभात, उकड. यांना सोपे म्हणण्याची पद्धत आहे, पण बिघडायलाही त्यांना वेळ लागत नाही. खिचडीतली डाळ दाताखाली कचकचते, मसालेभातातला फ्लॉवर विरघळून जातो, कुकरच्या तळाशी करपट थर बसतो. बिघाडाची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात : कोणता जिन्नस केव्हा पडला आणि पाणी किती पडले.

वेगवेगळ्या भांड्यांत स्वयंपाक करताना प्रत्येक जिन्नसाला त्याचा वेळ देता येतो. एका भांड्यात सगळ्यांना एकाच वेळी तयार व्हायचे असते, म्हणून शिजण्याच्या वेळा आधीच जुळवाव्या लागतात. उशिरा शिजणारी गोष्ट आधी घालावी, भिजवून घ्यावी किंवा बारीक चिरावी. लवकर शिजणारी शेवटी घालावी किंवा तिचे तुकडे मोठे ठेवावेत. तोंडली उभी पातळ चिरायची आणि फ्लॉवरचे तुरे मोठे ठेवायचे, ही जुनी रीत दिसण्यासाठी नाही, दोन्ही भाज्या भाताबरोबरच शिजाव्यात यासाठी आहे. बटाटा, गाजर, वांगे यांचे आकारही याच हिशेबाने ठरतात. मटार कुठेही चालतो. पालक आणि मेथी मात्र भांडे उतरवण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे पडली तरी पुरे.

भांड्यांमध्ये पहिला मान कुकरचा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पुण्यात साधारण ९८ अंशांना आणि महाबळेश्वरला ९५ अंशांच्या आसपास. उघड्या पातेल्यातली डाळ उंचावर जास्त वेळ घेते ती यामुळेच. कुकरमध्ये वाफ कोंडली जाऊन दाब वाढतो आणि आतले तापमान १२० अंशांपर्यंत चढते, त्यामुळे तूरडाळीचा पाऊण तासाचा वेळ दहा-बारा मिनिटांवर येतो. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे तत्त्व १६७९ मध्ये लंडनमध्ये दाखवले होते. भारतात कुकर तयार होऊन घरोघर पोचू लागले ते १९५९ नंतर. त्याआधी, १९१० मध्ये, कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ काढला होता. त्यात एकावर एक डबे रचून साध्या वाफेवर भात, डाळ आणि भाजी एकदमच शिजवत. मराठी घरात ‘कुकर लावणे’ म्हणजे हीच व्यवस्था, फक्त दाबाखाली : एका डब्यात भात, दुसऱ्यात वरण, वर बटाटे. चूल एकच लागते, पण वरणाला फोडणी आणि बटाट्याची भाजी यांचे काम उरतेच, आणि तीन डबे घासायलाही पडतात. म्हणून थेट कुकरच्या भांड्यात शिजवलेल्या पदार्थाची सोय वेगळी.

शिट्ट्या मोजण्याची सवय घराघरात आहे, पण शिट्टी हे वेळेचे माप नाही. आच मोठी असेल, कुकर लहान असेल किंवा आत मोकळी जागा कमी असेल तर शिट्ट्या भराभर होतात. शेजारच्या घरातली तीन शिट्ट्यांची खिचडी आपल्याकडे कच्ची राहते ती यामुळे. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून मिनिटे मोजणे हा खात्रीचा मार्ग आहे. मुगाच्या डाळीच्या खिचडीला अशी पाच-सहा मिनिटे पुरतात. मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. या दहा मिनिटांतही दाणा शिजतच असतो, आणि तेवढ्यात कांदा चिरून होतो, ताक घुसळून होते. कुकर भरण्यालाही मर्यादा आहे. एरवी दोन तृतीयांश चालतो, पण डाळ-तांदळाचे पदार्थ फेसाळतात, म्हणून ते पाण्यासकट निम्म्याच्या वर नसावेत. चार माणसांची मऊ खिचडी तीन लिटरच्या कुकरमध्ये केली की शिट्टीतून पिवळे पाणी ओट्यावर येते. पाच लिटरचा कुकर असेल तर हा प्रश्न उरत नाही.

पाण्याआधी फोडणी. वेगळे कढले न घेता कुकरमध्येच तेल तापवून फोडणी करायची असते, आणि तिचाही क्रम असतो : मोहरी तडतडल्यावर जिरे, मग हिंग, कढीपत्ता, आणि हळद-तिखट सर्वांत शेवटी, कारण ही पूड काही सेकंदांत जळते. हळद-तिखट पडताच भाजी किंवा डाळ-तांदूळ घालून तेलाची उष्णता उतरवावी. तांदूळ दोन मिनिटे परतले की दाण्यांना तेल लागते आणि ते एकमेकांना कमी चिकटतात. यानंतरची एक गोष्ट पाककृतींत क्वचित लिहिलेली असते : पाणी ओतल्यावर, झाकण लावण्याआधी, उलथन्याने भांड्याचा तळ पूर्ण खरवडून घ्यायचा. परतताना तळाला चिकटलेला मसाला तसाच राहिला तर दाबाखाली तो पहिल्यांदा करपतो आणि करपट वास सगळ्या भाताला लागतो. परदेशातल्या मराठी घरांत आता विजेवर चालणारे कुकर सर्रास दिसतात. त्यांत असा थर राहिला की यंत्र तळ तापल्याची सूचना देऊन मध्येच थांबते. या कुकरांतला दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा सहसा थोडा कमी असतो, म्हणून त्यांना मिनिटे जास्त द्यावी लागतात, आणि वाफ बाहेर जात नसल्याने पाणी मात्र कमी.

या सगळ्या पदार्थांत खिचडी सर्वांत जुनी. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर सकाळी खाण्याची इथली रीत नोंदवली आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या खिचडीचे प्रमाण दिलेले आहे : तांदूळ, डाळ आणि तूप तिन्ही समसमान. हे प्रमाण आजच्या घरात कुणी करून पाहू नये. तांदूळ आणि डाळ एकत्र येण्याला पोषणाचाही आधार आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी पडते, ते तांदूळ पुरवतो. त्यामुळे दोन्ही मिळून प्रथिनांची बाजू सावरते.

चार माणसांना दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची डाळ पुरते. तांदूळ-डाळ मिळून जेवढ्या वाट्या होतील त्याच्या सव्वादोन पट पाणी घातले तर खिचडी मोकळी होते, साडेतीन ते चार पट घातले तर मऊ. वाटी कोणतीही चालते, पण पाणीही त्याच वाटीने मोजायला हवे. तांदूळ वाटीने आणि पाणी पेल्याने मोजले की हिशेब तिथेच कोसळतो. तांदळाच्या जातीप्रमाणे पाणी बदलते. आंबेमोहोरापासून मावळात विकसित झालेला इंद्रायणी चिकट आणि मऊ होतो, म्हणून मऊ खिचडीला तो उत्तम आणि मोकळ्या भाताला गैरसोयीचा. कोलम मोकळा राहतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त. नवी पोती फोडल्यावर पहिल्या दिवशी पाणी थोडे हात राखूनच घालावे. मुगाच्या डाळीला भिजवण्याची गरज नसते. ती कोरडी भाजून घेतली तर खिचडीला खमंगपणा येतो आणि गिचका कमी होतो. खान्देशात खिचडीला तूरडाळ घालतात. ती अर्धा तास भिजवली नाही तर भात होऊन जातो आणि डाळ मागे राहते.

मसालेभात हे लग्नाच्या पंगतीतले पक्वान्न, पण आठवड्याच्या मधल्या रात्रीही तो सहज होतो, कारण भाजी वेगळी करावी लागत नाही. तांदूळ धुऊन वीस मिनिटे निथळत ठेवायचा, तेवढ्यात तोंडली, वांगी, मटार, फ्लॉवर यांपैकी घरात असेल ते चिरायचे. भाजी तांदळाइतकी किंवा थोडी जास्त असली तरच हे जेवण म्हणता येते. मूठभर मटार टाकलेला भात हा नुसता भातच. कुकरमध्ये तांदळाच्या दुप्पट पाणी, तेही कढत. गार पाणी ओतले की परतलेल्या तांदळाची उष्णता उतरते, पाणी पुन्हा तापेपर्यंत भाज्या भिजत पडतात आणि विरघळतात. गोडा मसाला आणि मीठ पाण्यातच घालून पाणी चाखून पाहावे. ते जरा खारट लागले तरच भात नीट लागतो. डाळ नसल्यामुळे प्रथिनांची बाजू दुबळी राहते. ती मोड आलेल्या मटकीने, भिजवलेल्या शेंगदाण्याने किंवा सोबतच्या दह्याने भरून काढता येते. ओले खोबरे आणि कोथिंबीर वरून, शिजताना नाही.

विदर्भातला गोळाभात बाहेरच्या मराठी घरांत फारसा केला जात नाही, ही खरे तर खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून किंवा डाळीचा भरडा भिजवून त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि तेलाचे मोहन घालून लिंबाएवढे गोळे करतात. जाड बुडाच्या पातेल्यात भात शिजत येऊन पाणी दिसेनासे झाले की गोळे वर ठेवून झाकण लावतात आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटे वाफ देतात. भाताच्याच वाफेवर डाळ शिजते. पानात भातात गोळा कुस्करून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी घेतात, जोडीला कढी किंवा चिंचेचे सार. गोळे लवकर ठेवले तर पाण्यात फुटतात, उशिरा ठेवले तर मध्ये कच्चे राहतात. एवढे सांभाळले की झाले.

वरून तेल घेण्याच्या या पद्धतीत एका भांड्यातल्या जेवणाची एक मोठी अडचण सुटते. भांडे एक म्हणजे तिखटही एकच, आणि घरात चार वर्षांचे मूल, रक्तदाब असलेले आजोबा आणि झणझणीत खाणारा तरुण असे सगळे असतात. विदर्भात आणि खान्देशात भांड्यातला पदार्थ सौम्य ठेवून लाल मिरचीचे किंवा लसणाचे तेल पानात ज्याचे त्याने घ्यायचे, ही रीत रूढ आहे. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचे यांचेही काम तेच. मिठाच्या बाबतीतही हात आखडता ठेवून वरून घेण्याची सोय करता येते.

भाताचा कंटाळा आला की वरणफळे. काही भागांत त्यांना चकोल्या म्हणतात. कुकरमध्ये फोडणी करून त्यातच एक वाटी तूरडाळ आणि तीन वाट्या पाणी घालून शिजवावे. कुकर दाबाखाली असतानाच कणीक हळद, ओवा, मीठ आणि थोडे तेल घालून घट्ट मळून होते. झाकण उघडल्यावर डाळ घोटायची, आणखी तीन-चार वाट्या कढत पाणी घालायचे आणि मगच चिंच किंवा आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घालायचा. आंबट शेवटी घालण्याला कारण आहे. आम्लामुळे डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही. चिंच किंवा भरपूर टोमॅटो सुरुवातीलाच पडला तर तूरडाळ कितीही वेळ ठेवली तरी पूर्ण मऊ होत नाही. क्षारयुक्त, जड पाण्यानेही तसेच होते, म्हणून बोअरवेलचे पाणी असलेल्या घरांत डाळ पिण्याच्या पाण्यात शिजवलेली बरी.

आमटी खळखळ उकळू लागली की पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून एकेक सोडायचे. उकळी नसताना किंवा सगळे एकदम टाकले तर त्यांचा लगदा होतो. आठ-दहा मिनिटांत फळे शिजतात आणि त्यांच्या पिठाने आमटी दाटते. कणीक मळायलाही वेळ नसेल तर उरलेल्या पोळ्यांचे तुकडे घालतात. चव थोडी वेगळी, पण दोन मिनिटांचे काम. जुन्नर-नगर भागातले शेंगोळे याच जातीचे, मात्र तिथे डाळही नसते : कुळथाच्या पिठात लसूण-जिरे-तिखट घालून त्याच्या बारीक वळ्या उकळत्या फोडणीच्या पाण्यात शिजवतात. थंडीच्या रात्री शेंगोळ्यांपुढे बाकी काही सुचू नये, इतके ते चांगले लागतात.

मांसाहारी जेवणात वेळा जुळवणे जास्त नाजूक होते. कोळंबी तीन-चार मिनिटांत शिजते आणि त्यापुढे वातड होऊ लागते. म्हणून कोळंबी भाताला कुकरपेक्षा झाकणाचे जाड पातेले बरे : भात तीन चतुर्थांश शिजल्यावर हळद, मीठ, आले-लसूण लावलेली कोळंबी त्यात मिसळून मंद आचेवर वाफ द्यायची. नारळाचे दूध घालायचे असेल तर तेही याच वेळी, कारण जोराच्या उकळीने ते फुटते. हाडासकट कोंबडीचे तुकडे आधी दहा-बारा मिनिटे शिजवून मग त्यातच तांदूळ घातला की दोन्ही बरोबर तयार होतात. मटणाला दाबाखालीही वीस मिनिटांहून जास्त लागतात. ते रविवारसाठी ठेवलेले चांगले.

तवा आणि कढईचे पदार्थ झटपट म्हणून सांगितले जातात, त्यांच्याबद्दल जरा हात राखून बोलायला हवे. थालीपिठाच्या भाजणीत तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळी, धणे सगळे असते. कांदा आणि मेथी घालून केलेले थालीपीठ लोण्या-दह्याबरोबर खरोखर पुरे जेवण आहे. पण ते एका वेळी एकच होते. दोन माणसांना ते उत्तम. पाच माणसांच्या घरात करणारी व्यक्ती पाऊण तास तव्यापुढे उभी राहते आणि सर्वांत शेवटी, एकटी जेवते. दोन तवे ठेवले आणि ओल्या फडक्यावर थापून घेतले तर वेळ निम्मा होतो. पिठले दहा मिनिटांत होते, मात्र त्याला भाकरी किंवा भात हवाच, म्हणजे दुसरे भांडे आलेच. कोकणातली तांदळाची उकड या दोन्हींपेक्षा सोपी आहे. लसूण, हिरवी मिरची, कढीपत्त्याच्या फोडणीत पाणी उकळून, ताकात कालवलेले तांदळाचे पीठ ओतत ढवळत राहायचे आणि झाकण ठेवून दोन वाफा द्यायच्या. गरम असतानाच, वर कच्चे तेल घेऊन ती खायची. एकट्यादुकट्याच्या रात्रीला इतके हलके आणि पोटभर दुसरे काही नाही. भाजी मात्र तिच्यात नसते, तिची भरपाई दुपारच्या जेवणात करावी लागते.

एका भांड्याने घासण्याचे काम वाचते. निवडण्या-चिरण्याचे वाचत नाही, आणि खरा वेळ तिथेच जातो. रविवारी तासभर दिला तर आठवडा हलका होतो. आले-लसूण-मिरचीचे वाटण फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, खवलेले खोबरे आणि सोललेले मटार फ्रीजरमध्ये त्याहून बरेच जास्त. तोंडली, फरसबी आदल्या दिवशी चिरून ठेवता येतात. बटाटा आणि वांगे ताजे चिरावेत, कारण ते हवेने काळे पडतात. सकाळी निघताना भिजवलेली चवळी किंवा अख्खा मसूर संध्याकाळी खिचडीत तांदळाच्या जोडीने शिजतो. हरभरा आणि राजमा यांना आठ तास भिजूनही तांदळापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून ते आधी वेगळे शिजवून फ्रिजमध्ये ठेवलेले असावेत. राजमा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा टाकून दिवसभर ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. त्यातले एक विषारी प्रथिन खळखळत्या उकळीनेच नष्ट होते, कोमट उष्णतेने नाही. आधी निदान दहा मिनिटे जोरात उकळून घ्यावा लागतो. कुकरमध्ये ही भीती नाही.

हे पदार्थ थोडे जास्तच होतात, आणि उरलेला भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकायची घरोघर रीत आहे. ती मोडायला हवी. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि तयार झालेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात किंवा खिचडी ताटात पसरून लवकर निववावी, दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. मसालेभात सकाळी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून गरम करावा, खिचडी थोडे दूध किंवा पाणी घालून. वरणफळे रात्रभरात आमटी ओढून घट्ट होतात. त्यांना कढत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा एक उकळी काढावी लागते.